परभणीला राग येईना

परभणीला काही केल्या राग येत नव्हता. मी तिची गावं घेत होतो, तिच्या हद्दीत घोडेस्वार घालत होतो, जिंतूर तर कधीच घशात घातलं होतं. तरी परभणी आपली मान खाली घालून किल्ल्यात बसलेली. शेजारचे गुरुजी खुर्ची पुढं ओढून पडद्यात बघत म्हणाले, "एवढी सोशिक परभणी मी जन्मात पाहिली नाही. माझी सासुरवाडी आहे तिथली."

ही परभणी लॅपटॉपातली. भाचा नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत आला तेव्हा त्यानं मला 'बॅटल फॉर वेस्नॉथ' हा खेळ टाकून दिला. डेव्हिड व्हाइट नावाच्या गृहस्थानं तो २००३ मध्ये सुरू केला, पुढं जगभरच्या हौशी लोकांनी वाढवला. फुकट आहे आणि माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपलाही झेपतो. षटकोनी घरांचा नकाशा, पाळीपाळीनं चाल, गावं ताब्यात घ्यायची आणि त्यांच्या उत्पन्नावर फौज उभी करायची. मुळात त्यात एल्फ आणि ऑर्क असले परमुलुखातले लोक भांडतात. पण नकाशा आपल्या मनाचा काढता येतो असं कळलं आणि मी जागरण करून हिंगोली जिल्हा काढला. कयाधू, पूर्णा, ईसापूरचं पाणी, सिद्धेश्वरचं धरण, औंढ्याचं देऊळ, सगळं जागच्या जागी. एका बाजूला हिंगोली, दुसऱ्या बाजूला परभणी.

१ मे १९९९ ला हिंगोली परभणीतून वेगळी झाली ती नुसती कागदावर. एक तोफ डागली गेली नाही, की एक घोडा उधळला नाही. मी तेव्हा एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर होतो. त्या ऐतिहासिक प्रसंगातलं माझ्या वाट्याला काय आलं, तर दप्तराचे गठ्ठे मोजून घेणं. तेवढ्यानं माणसाची हौस फिटत नाही.

सुरुवातीला ही लॅपटॉपातली परभणी माझी धूळधाण करायची. या खेळातल्या संगणकी सेनापतीच्या स्वभावाचे आकडे असतात. अ‍ॅग्रेशन मुळात ०.४, सावधपणा ०.२५. अ‍ॅग्रेशन १ केलं की स्वतःची किती माणसं पडतील याची तो पर्वाच करत नाही, समोरच्याचं किती नुकसान होतंय तेवढंच बघतो. हे आकडे हाती लागताच मी परभणीचा संताप उणे करून टाकला आणि सावधपणा भरमसाट वाढवला. एका रात्रीत परभणी गोगलगाय झाली. मग मी जिंकू लागलो, पण समोरचा चिडलाच नाही तर जिंकल्यासारखं वाटतच नाही. कॅरममध्ये राणी घेतल्यावर समोरच्यानं निदान "आयला" तरी म्हणावं की नाही?

भाच्याला फोन केला.

"मामा, राग असा कायमचा कमी-जास्त करून ठेवायचा नसतो. काहीतरी घडल्यावर तो यायला पाहिजे. इव्हेंटला हुक करा."

"म्हणजे?"

"खेळात काहीही घडलं की खेळ हाळी देतो. गाव घेतलं की हाळी, सैनिक हलला की हाळी, मेला की हाळी. तुम्ही आधी नाव नोंदवून ठेवायचं, की अमक्या हाळीला मला उठवा आणि हे हे करा. त्या 'हे हे'ला हँडलर म्हणायचं."

मला भरून आलं. अख्खी नोकरी आवक-जावकला गेली. जगात काय घडलं ते माझ्या टेबलावर यायला आठ-आठ दिवस लागायचे आणि आल्यावर मी त्यावर फक्त क्रमांक टाकायचो. इथं घटना स्वतःहून वर्दी देते, तीही ताबडतोब आणि विनापाकीट!

पहिला हँडलर 'कॅप्चर' या घटनेला जोडला: गाव गेलं की परभणीचा राग वाढवा. दुसरा 'न्यू टर्न'ला: नवा डाव सुरू झाला की राग पूर्ववत करा. मग बोरी घेतली. परभणी अशी उसळली म्हणता! गुरुजींनी टाळी वाजवली. पुढच्या डावात ती शांत व्हायची होती. झाली नाही. त्याच्या पुढच्या डावातही नाही. बोरीच्या रागापायी परभणीनं मला थेट हिंगोलीच्या किल्ल्यात कोंडलं.

भाचा म्हणाला, "मामा, या खेळात हँडलर मुळात एकदाच चालतो. 'फर्स्ट टाइम ओन्ली' असतं. तुमचा शांत करायचा हँडलर पहिल्या डावाच्या सुरुवातीलाच चालून गेला."

म्हणजे कुणीही चिडलेलं नसताना माझ्या हँडलरनं परभणीची समजूत काढली आणि प्रकरण दप्तरी दाखल करून टाकलं! पुढं खरोखर आग लागली तेव्हा साहेबांचं उत्तर तयार, या विषयावर यापूर्वीच कार्यवाही झालेली आहे. ही पद्धत मला इतकी ओळखीची वाटली की वेस्नॉथ लिहिणाऱ्यांत आपल्याकडचा एखादा वरिष्ठ लिपिक असावा अशी शंका आली.

शांत करायच्या हँडलरला 'फर्स्ट टाइम ओन्ली' नको असं लिहिलं. मग बोरी घेतल्यावर परभणी चिडली, पुढच्या डावात शांत झाली. नंतर सेलू घेतलं. काहीच नाही. पूर्णा घेतली. काहीच नाही. चिडायचा हँडलर एकदाच चालायचा तो बोरीला चालून गेला होता. गुरुजी म्हणाले, "पहिल्या जावयाला मानपान झाला की पुढचे जावई कोण बघतो?" गुरुजी धाकटे जावई आहेत.

मग तिथंही 'नको' लिहिलं, आणि यापुढं प्रत्येक हँडलरला ते लिहायचंच असं ठरवलं. आता परभणी प्रत्येक गावाला चिडू लागली. पण प्रत्येक म्हणजे प्रत्येक. मी तिचं गाव घेतलं की चिडे, आणि तिनं माझं घेतलं तरी चिडे! औंढा जिंकलं, आगपाखड. जवळा बाजार मिळालं, आगपाखड. गाव कुणी घेतलं हे मी लिहिलंच नव्हतं. त्यासाठी फिल्टर लावावा लागतो, अमक्याच बाजूनं घेतलं तर उठवा असा. भाचा हे सांगत होता तेव्हा गुरुजी मात्र परभणीच्या बाजूनं बोलत होते. "यात चुकलं काय? आमच्या भावकीत वाटणीत जास्तीचं वावर आलेला माणूस सगळ्यांत जास्त बोंबलतो."

अ‍ॅग्रेशन १ करून ठेवल्याचा आणखी एक चमत्कार असा की परभणीची पायदळं पूर्णेच्या पात्रात उभी राहून लढायला लागली. या खेळात माणूस गावात किंवा किल्ल्यात उभा असला तर त्याचा बचाव ६० टक्क्यांपर्यंत जातो, उथळ पाण्यात तो २० टक्क्यांवर येतो. शांत डोक्याची फौज पाण्यात थांबत नाही. पण चिडलेल्या परभणीला नदी दिसत नव्हती, काठावर उभा असलेला मी दिसत होतो. कंबरभर पाण्यातल्या त्या वीरांना मी एकेक करून टिपत होतो आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, मोटार बंद केली का? टाकी वाहायलीय केव्हाची!"

यानंतरचं प्रकरण सीमेचं. माझे घोडेस्वार हद्दीत शिरले की परभणीला वर्दी जावी म्हणून मी 'मुव्ह-टू'ला हुक केलं. घोडे वसमतच्या बाजूनं सरहद्द ओलांडून थेट पूर्णेच्या वेशीत जाऊन उभे राहिले, तरी परभणीला पत्ता नाही. 'मुव्ह-टू'ची हाळी सैनिक जिथं थांबतो त्याच घरावर होते. वाटेतली घरं तो नुसता तुडवत गेला तर ती हिशेबात नाहीत. वाटेतल्या प्रत्येक घराची खबर हवी असेल तर 'एंटर हेक्स'. मी बिनफिल्टरचं 'एंटर हेक्स' लावलं आणि प्रत्येक हाळीला पडद्यावर एक चौकट येईल असं केलं: "सावधान! शत्रू आला!" मग दोन्ही फौजांतला कुणीही एक पाऊल सरकला की सावधान. परभणीचा स्वयंपाकी आपल्याच किल्ल्यात इकडून तिकडं गेला तरी सावधान. प्रत्येक चौकट घालवायला स्पेसबार दाबायचा. ही आतून म्हणाली, "काय ठोकायलात हो एवढं?"

"शत्रू येतोय."

"येऊ द्या. आधी टाकीचं बघा."

परभणीच्या सेनापतीला वीरमरण यावं आणि मरताना त्यानं दोन शब्द बोलावेत ही माझी फार इच्छा होती. भाषण मी मन लावून लिहिलं. त्यात मराठवाडा होता, १७ सप्टेंबरचा मुक्तिदिन होता, मोठा भाऊ-धाकटा भाऊ होतं, शेवटी हात जोडणं होतं. ते 'डाय' या घटनेला जोडलं. सेनापती पडला, मरण्याचं चित्र पुरं झालं, माणूस पडद्यावरून गेला, आणि मग रिकाम्या घरातून भाषण सुरू झालं. हे भाषण चालू असेपर्यंत त्याचं घरही सुटत नाही, कारण 'डाय'चं काम संपल्याशिवाय खेळ मेलेल्याला पटावरून काढत नाही. गतप्राण झालेला माणूस जागा अडवून बोलतोय, असं दृश्य मी पूर्वी फक्त सत्कार समारंभात पाहिलं होतं.

भाचा म्हणाला, "भाषणासाठी वेगळा इव्हेंट आहे, 'लास्ट ब्रेथ'. मरण्याच्या चित्राच्या आधी लागतो." या गोष्टीचा विचार कुणीतरी करून ठेवलाय हे ऐकून मला त्या लोकांबद्दल आदर वाटला. मी भाषण तिकडं हलवलं. फिल्टर अर्थातच राहिला. पहिल्याच चकमकीत परभणीचा एक साधा भालाईत पडला आणि त्यानं पूर्ण भाषण केलं. त्याच्या मागून धनुर्धारी पडला, त्यानंही केलं. नंतर माझा एक पडला. तो हिंगोलीचा असूनही परभणीच्या मातीला वंदन करून गेला. गुरुजी उठून उभे राहिले. मी म्हटलं, "बसा हो." ते म्हणाले, "नाही, श्रद्धांजली चालू असताना बसायची सवय नाही मला."

सगळ्यांत मोठी दुर्घटना मी स्वतःच्या कल्पकतेतून घडवली. या खेळात आपण स्वतःच्या घटनाही बनवू शकतो. नाव द्यायचं आणि हवी तेव्हा उडवायची. मी एक बनवली 'हिंगोली चिडली', दुसरी 'परभणी चिडली'. पहिली उडाली की तिच्या हँडलरनं दुसरी उडवायची. दुसरीच्या हँडलरनं अर्थातच पहिली. ही चिडली म्हणून ती चिडली, ती चिडली म्हणून ही चिडली. पडदा गोठला, लॅपटॉपचा पंखा भोंग्यासारखा ओरडायला लागला, माऊस मेला. पटावर एकही सैनिक हलला नव्हता, आणि युद्ध मात्र पराकोटीला पोचलं होतं. तेवढ्यात वीज गेली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच कामातून गेली असल्यामुळं दोन्ही जिल्ह्यांत त्याच क्षणी शांतता प्रस्थापित झाली.

"मामा, बाकीच्या खेळांत याहून भारी आहे," भाचा म्हणाला. 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग १९९९ चा, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्याच वयाचा. त्यात संगणकी राजाला नियम लिहून द्यायचे असतात आणि तो ते सगळे पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा वाचत बसतो. "नमस्कार मंडळी" म्हणायचा नियम लिहिला तर तो खेळ संपेपर्यंत नमस्कारच घालील. म्हणून नियमाच्या शेवटी लिहायचं, 'डिसेबल सेल्फ'. एकदा बोललास, आता गप्प बस. हे मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. ही म्हणाली, "तुमच्यात टाकता येते का हो ती ओळ?"

'स्टारक्राफ्ट' हा १९९८ चा खेळ. त्यात आपला सेनापती प्रोग्रामनं चालवायची सोय हौशी मंडळींनी करून घेतली आणि २०१० पासून तर नुसत्या प्रोग्रामांच्या स्पर्धा होऊ लागल्या. माणसं बाजूला बसून चहा पितात. तिथं एक हाळी आहे 'ऑन फ्रेम'. ती सेकंदाला सुमारे २४ वेळा होते आणि दर वेळी तुमच्या सेनापतीनं जागं होऊन सगळं रणांगण बघायचं. आमच्या आईचं पाऊस पडण्याआधी असंच असायचं. ज्यांना इतकं जागरण नको त्यांच्यासाठी 'ऑन युनिट डिस्ट्रॉय', 'ऑन युनिट क्रिएट' अशा वेगवेगळ्या हाळ्या आहेत. त्यात एक आहे 'ऑन युनिट रेनेगेड'. आपला गडी एकाएकी दुसऱ्या बाजूला गेला की ही होते. खेळात हे क्वचितच घडतं, कुणी जादूनं त्याचं मन ताब्यात घेतलं तर वगैरे. गुरुजींनी हे दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं, "एकदम चाळीस गेले तर ही हाळी एकदाच होते का चाळीस वेळा?"

"प्रत्येकाची वेगळी होते, गुरुजी."

"मग लॅपटॉप बंद पडत असणार."

पेपर अथपासून इतिपर्यंत वाचणं हा गुरुजींचा दिनक्रम असल्यानं मग ते लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्रावर आले. घटनेच्या हाळीला कान लावून बसण्याचं सगळ्यांत मोठं काम आपल्याच जिल्ह्यात, औंढा तालुक्यात होणार आहे. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांनी दोन कृष्णविवरांच्या टकरीची चाहूल टिपली. टक्कर झालेली सुमारे १.३ अब्ज वर्षांपूर्वी आणि चाहूल टिकली सेकंदाचा पाचवा हिस्सा. त्याच जातीचं यंत्र औंढ्याला उभं राहायचं आहे, चार-चार किलोमीटरचे दोन हात पसरून. २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची २,६०० कोटींची मंजुरी. "१.३ अब्ज वर्षं," गुरुजी माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "आणि तरी पत्र गहाळ झालं नाही!"

मी म्हटलं, "त्यांचा फिल्टर चांगला असणार."

तर खरोखरच तसं आहे. जवळून ट्रक गेला, लांब कुठं भूकंप झाला, तरी ते यंत्र दचकतं. म्हणून एकट्या यंत्रानं ऐकलेलं सहसा खरं धरत नाहीत. लुइझियानातल्या यंत्राला ती चाहूल लागली आणि सुमारे सात मिलिसेकंदांनी वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डच्या यंत्रालाही लागली, तेव्हा ती मानली. त्याच हॅनफर्डला २०१७ च्या उन्हाळ्यात भलत्याच नोंदी यायला लागल्या. शोध घेतला तर डोमकावळे. थंड नळीवर जमलेलं हिम ते तहानेपोटी टोचत होते, आणि विश्वाची स्पंदनं ऐकणारं यंत्र ती टोचाटोची इमानेइतबारे टिपत होतं.

हे ऐकून ही पदराला हात पुसत बाहेरच आली. "त्यात नवल काय? आपल्याकडं कावळ्याचाच मान आहे. सकाळी कौलावर ओरडला की पाहुणे येतात."

"आणि शिवला नाही तर पिंडापाशी सगळे उन्हात ताटकळत," गुरुजी म्हणाले. "दशक्रियेला माझ्या काकांनी आम्हाला दुपारपर्यंत थांबवलं होतं. शेवटी 'तुमच्या म्हशीला बघतो' म्हटल्यावर हाळी आली."

औंढ्यात कावळ्यांना तोटा नाही. शिवाय पांगरा शिंदेच्या बाजूला जमिनीतूनच गूढ आवाज येतात. तिथल्या शास्त्रज्ञांना मी फिल्टरबद्दल दोन अनुभवाच्या गोष्टी सांगू शकेन, पण कुणी विचारायला येईल असं दिसत नाही.

पुढच्या सुट्टीत भाचा आला आणि एका बैठकीत त्यानं माझे सगळे हँडलर नीट केले. परभणी आता रास्त कारणासाठी रास्त चिडते, गावात थांबून लढते आणि मला सपाटून हरवते. सेनापतीचं भाषण तेवढं मी अजून ऐकलेलं नाही, कारण तो मरतच नाही. "आता संतुलित झाला बघा खेळ," भाचा म्हणाला, आणि दुपारच्या एसटीनं नांदेडला निघाला. जाताना "पोचल्यावर कळवतो" म्हणाला.

संध्याकाळी बहिणीचा फोन. "दादा, पोरगं पोचलं का?"

"पोचल्यावर कळवणार आहे."

पाच मिनिटांनी पुन्हा. "आला का फोन?" मग पुन्हा. मग हिनं विचारलं, मग गुरुजींनी कुंपणावरून विचारलं, मग बहिणीनं. साडेआठला मीच वैतागून फोन लावला. मागून कपबशांचा आवाज, पोरांचा दंगा.

"मामा, मी पोचलो कुठंय अजून? नांदेडला उतरलो तासाभरापूर्वी, पण रूमवर गेलो नाही, चहाला थांबलोय. मुक्कामाच्या घरावर जाऊन थांबल्याशिवाय 'मुव्ह-टू' लागत नाही. तुम्हालाच तर शिकवलं."

हे मी बहिणीला जसंच्या तसं कळवलं. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "ते मला काही सांगू नको. त्याला म्हणावं, पुढच्या वेळी कळमनुरी, बाळापूर, वारंगा फाटा, अर्धापूर, जिथं जिथं गाडी जाईल तिथून फोन पाहिजे."

"एंटर हेक्स," मी म्हणालो.

"शिव्या नको देऊस दादा," ती म्हणाली, "नुसता निरोप सांग."